हिरव्या बटाट्याला आमसूल

माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही, असं मी कमरेवर हात ठेवून सांगायचे. खोटं नव्हतं ते. हिरकणीवाडीत रोपवेच्या रस्त्याला आमची खानावळ आहे, माझी आणि माझ्या थोरल्या जावेची. बावीस वर्षांत गडावर जाणारे-येणारे किती लोक तिथे जेवून गेले याची मोजदाद नाही, पण परत येऊन तक्रार केलेला एक माणूस मला आठवत नाही. असं बावीस वर्षं चाललं की माणूस शेफारतो. मीही शेफारले होते. हे लिहिताना त्याची लाज वाटते, पण थोडीच, कारण शेफारायला माझ्याकडे कारण होतं.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कशेडीच्या डोंगरात. आमच्या लहानपणी तिथे भाजी विकत आणायची पद्धत नव्हती. जंगल देईल ते खायचं, आणि जंगल सरळ हाताने फारसं काही देत नाही. पावसाच्या तोंडावर शेवळं उगवतात. ती नुसती शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की बोलायची सोय राहत नाही. त्यांच्यात काकडं घालावी लागतात, म्हणजे रानातली बोराएवढी आंबट हिरवी फळं, वाटून. सुरणाला आमसूल लागतं. अळवाला चिंच. कडू कंद असतील तर त्यांच्या चकत्या करून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात टोपली अडकवून ठेवायची. हे सगळं मी आईच्या मागे मागे फिरून शिकले. बारावीपर्यंत शाळाही शिकले, पण पोट ज्याच्यावर चाललं ते शिक्षण आईचं.

त्या शिक्षणातून मी माझा एक नियम काढला होता. जे खाजतं, चावतं, घशाला धरतं, त्याच्यावर तोड असते, आणि ती बहुतेक आंबट असते. आईने असं काही कधी सांगितलं नव्हतं. तिने सुरणाचं सुरणाला सांगितलं, अळवाचं अळवाला. सगळ्यांचा मिळून एक नियम करायचा शहाणपणा माझा.

जाऊ पाचाडची, भातशेतीच्या घरातली. आम्हा दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही मुंबईत नोकरीला. गणपतीला आणि शिमग्याला येतात, चार दिवस आम्हाला खानावळ कशी चालवावी ते शिकवतात आणि जातात. बाकी वर्षभर आम्ही दोघीच. भाकऱ्या, पुऱ्या, वाटण तिच्याकडे. चूल, गिऱ्हाईक आणि तोंड माझ्याकडे. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, पण दिवसभरात बोलेल ते इतकं कमी की नवीन गिऱ्हाइकांना ती मुकी वाटते. मी तिला ताई म्हणते. तिला म्हणते, पण वागवत होते धाकट्या बहिणीसारखं, हेही इथेच सांगून टाकते.

पूर्वी आम्ही पिठलं-भाकरी, झुणका, ठेचा, ताक एवढंच करायचो. मग शाळांच्या सहली वाढल्या. घाटावरच्या पोरांना पिठलं घरी रोज असतं, त्यांना सहलीत पुरी-भाजी हवी. पुरी-भाजी म्हणजे बटाटा आला, आणि बटाटा काही आमच्या मातीतला नव्हे. आमच्या घरात त्याला पाहुण्याचा मान होता. महाडच्या बाजारातून पावशेर-अर्धा किलो यायचा आणि त्याच आठवड्यात संपायचा. बटाटा साठवायचा कसा, हे आमच्यात कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कांदा मात्र आम्हाला ठाऊक होता. कांद्याला उजेड लागतो, वारा लागतो, नाहीतर तो कुजतो.

त्या वर्षी मी खानावळीच्या मागच्या पडवीवर नवा पत्रा घातला होता, पारदर्शक, फायबरचा. आत दिवसासुद्धा बल्ब लावावा लागायचा, त्याचा मला वैताग होता. पत्रा बसला आणि पडवी अशी लख्ख झाली की मी शेजारणींना मुद्दाम बोलावून दाखवली. डिसेंबरच्या सहलींसाठी महाडहून बटाट्यांची तीन पोती आणली आणि बांबूच्या कामट्यांच्या मांडणीवर कांद्यांच्या शेजारी एकेक सुटा करून पसरली. आदल्या वर्षी बंद पोत्यात अर्धे बटाटे कुजले होते, तसं परत होऊ द्यायचं नव्हतं. पसरून झाल्यावर मी लांब उभी राहून बघितलं. छान दिसत होते.

तीन आठवड्यांत ते हिरवे झाले. सगळे नाहीत, पण वरच्या अंगाचे बरेच. काहींना नुसती पोपटी झाक, काही पार कैरीसारखे. हिरवा बटाटा बाधतो असं कुठेतरी कानावर आलं होतं, म्हणून मी काही अगदी अजाण नव्हते. पण बाधतो म्हणजे काय, सुरण नाही बाधत? अळू नाही बाधत? डोंगरातल्या बाईला ही कसली भीती दाखवताय, असा माझा सूर. मी मनात म्हटलं, याला आमसूल दाखवलं की येईल वठणीवर.

घाटावरच्या एका शाळेतून बाईंचा फोन आला. नव्वद मुलं, पाचवी ते सातवी. सकाळी आठला पायऱ्यांनी गड चढायचा, दुपारी एकपासून रोपवेने तुकड्या तुकड्यांनी खाली, आणि खाली आल्या आल्या पुरी-भाजी. बाई दोनदा म्हणाल्या, लहान मुलं आहेत, जपून करा. मला ते लागलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही फक्त मुलं मोजून आणा, पोटाचं मी बघते.

आदल्या दिवशी महाडला जाऊन ताजे बटाटे आणता आले असते. अडचण काहीच नव्हती. दारात जीप उभी असते, रस्ता चांगला आहे. पण तीन पोती घरात असताना चौथं आणायचं म्हणजे माझी चूक झाली असं कबूल करायचं, आणि तेवढ्या एका गोष्टीची मला सवय नव्हती.

सकाळी मुलं आली, रांगेत उभी राहिली, ओरडत गडाच्या वाटेला लागली. आम्ही कामाला लागलो. मी मोठा टोप चढवला, बटाटे सालासकट टाकले आणि वर दोन मुठी आमसुलं. पहिली उकळी आल्यावर ते पाणी फेकलं, सुरणाचं फेकतात तसं, आणि दुसऱ्या पाण्यात पुन्हा एक मूठ. जाऊ पुऱ्यांचं पीठ मळत होती. तिने टोपातला एक बटाटा काढला, फुंकर मारून तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली.

"कडू हाय गो," ती म्हणाली.

मी चाखून बघितला. मला आंबट लागला. आमसुलाने इतका आंबट झाला होता की त्याच्याखाली दुसरं काही असलं तरी कळलं नसतं. मी तेव्हा हे उलटं समजले. मला वाटलं, कडूपणा गेला, आमसुलाने काम केलं. आज कळतं ते असं, की बटाटा बिचारा ओरडून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर उशी दाबली होती.

मग भाजी फोडणीला टाकली. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, हळद, आणि आंबट मारायला गुळाचे चांगले चार खडे. साली वरवर काढल्या, घाईत काही तशाच गेल्या. वास असा सुटला की शेजारच्या टपरीवाल्याने येऊन विचारलं आज काय खास. दहाच्या सुमाराला जावेने परत एकदा चमच्याने चाखली. तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्या जवळ येऊन, म्हणजे शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणाली, "कडूच हाय. घशाला लागते. पोरांना नको देऊ."

माझं डोकं फिरलं. मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. सुरण खायला तुला मी शिकवलं, असं म्हटलं. पाचाडच्या माणसांना भात सोडून काय कळतं, असंही म्हटलं. नव्वद पोरं खाली यायची वेळ जवळ येतेय आणि तू अपशकुन करतेस, हे सगळ्यात वाईट. मग तिने ताट घेतलं, टोपातून काही बटाटे वेचून वेचून काढले, ताट भरून घेतलं आणि मागच्या पडवीत जाऊन खाली बसली आणि खाऊ लागली.

मला आनंद झाला. खरंच सांगते, मला वाटलं पटलं हिला एकदाचं, आणि आता न बोलता माझी माफी मागतेय. मी पुऱ्या लाटायला तिच्या वाटणीच्याही घेतल्या, एवढी मी खूश होते.

साडेअकराला ती उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम, आणि डिसेंबरचा गार वारा सुटलेला. ती मागे ओट्याच्या कडेला गेली आणि उलटी झाली. मी म्हटलं पित्त झालं. सकाळपासून धुरात बसलीय, पित्तच. लिंबू-पाणी करून दिलं, तेही पोटात ठरलं नाही. मग पोटात कळ यायला लागली, ती गुडघे पोटाशी घेऊन पडवीत आडवी झाली, आणि थोड्या वेळाने तिला परसाकडेलाही धरून न्यावं लागलं. घशात आग होतेय, एवढंच ती बोलली.

सकाळपासून तिने काय खाल्लं ते मी मनात मोजलं. बिनदुधाचा चहा, आणि ते ताट. दुसरं काही नाही. मोजायला क्षणसुद्धा लागला नाही, पण मानायला वेळ लागला. तो वेळ मी कसा घालवला तेही सांगते, कारण मला तोच सगळ्यात जास्त टोचतो. मी स्वतःशी म्हटलं, हिचं वय साठीकडे झुकलंय. हिला पित्ताचा त्रास आहेच. हिने ताटभर खाल्ली, मुलं वाटीभर खातील. हे सगळं मी पुरी तळता तळता म्हटलं, आणि एक पुरी फुगली, आणि ती बाहेर काढताना मला समोरच्या रस्त्यावर त्या शाळेची बस उभी दिसली. खिडकीत कुणाची तरी लाल पाण्याची बाटली राहिली होती.

मी गॅस बंद केला. शेजारच्या टपरीवाल्याला हाक मारली, जावेला जीपमध्ये घालून पाचाडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा म्हटलं, त्याच्या बायकोला सोबत पाठवलं. मी जाऊ शकत नव्हते. एक वाजायला तासही नव्हता, नव्वद मुलं उपाशी खाली येणार होती, आणि समोर भरलेला टोप होता. जीप निघाली तेव्हा जाऊ मागच्या सीटवर डोळे मिटून होती आणि मी पदर खोचून उभी होते. एवढा घट्ट मी पदर कधी खोचला नसेन.

टोप उचलून मागे शेताच्या कडेला नेला, खड्ड्यात ओतला, वर चुलीची राख, वर माती. म्हशी वासाने येऊन उभ्या राहिल्या तर त्यांना काठीने हाकललं. मांडणीवरचे उरलेले हिरवे बटाटेही त्याच खड्ड्यात गेले. मग बेसनाचा डबा काढला. आमच्याकडचं बेसन पुरेसं नव्हतं, म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीत गेले आणि सांगितलं, बेसन द्या, तांदूळ द्या, माझी भाजी खराब झालीय. कुणी काही विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता, ते पुढच्या आठवड्यात सावकाश विचारणार होते, ते मला माहीत होतं. तीन टोप पिठलं आणि पाच टोप भात चढवला, आणि एक वाजता रोपवेचा पहिला पाळणा खाली आला तेव्हा पिठल्याला पहिली उकळी येत होती.

शाळेच्या बाई पुढे आल्या. ताटात पिठलं बघून म्हणाल्या, पुरी-भाजी ठरली होती ना? मी गॅस संपला म्हणू शकले असते. पोरांनी बाईंच्या मागे गलका लावला होता, टपरीवाले कान देऊन उभे होते, आणि ते दोन शब्द माझ्या ओठावर आलेही होते. मी म्हटलं, "भाजी केली होती. बटाटा हिरवा होता, माझी चूक. माझ्या जावेने खाल्ली, ती दवाखान्यात आहे. मुलांतल्या कुणाला एक घासही दिलेला नाही."

बाईंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी सगळ्या मुलांना बसवून एकेकाला विचारलं, कुणी काही खाल्लं का, कुणाच्या पोटात दुखतंय का. कुणाच्याच नाही. मुलं पिठलं-भात खायला बसली, काहींनी नाक मुरडलं, बहुतेकांनी दोनदा वाढून घेतलं. जाताना बाईंनी मला धन्यवाद दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. बसचा दरवाजा लागेपर्यंत मी बाहेर उभी राहिले. मग टोप तसेच टाकून पाचाडला निघाले.

दवाखान्यात जावेला सलाईन लावलं होतं. उलट्या थांबल्या होत्या, ती झोपली होती. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. तिने मला बाकावर बसवून विचारलं, नक्की काय खाल्लं. मी सगळं सांगितलं, आमसुलासकट. तिला हसू आलं नाही, हे मला आवडलं. तिने वहीच्या मागच्या पानावर एक बटाटा काढला आणि समजावलं.

हिरवा रंग स्वतः काही करत नाही, ती म्हणाली, पानात असतो तोच तो. पण ज्या उजेडाने बटाटा हिरवा होतो, त्याच उजेडाने त्याच्या सालीत विषही वाढतं. म्हणून रंग ही खूण. सालीत जास्त, डोळ्यांत जास्त, कोंबात सगळ्यात जास्त. बटाटा ते मुद्दाम बनवतो, किड्यांनी आणि जनावरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून. एखाद्याला बारीकसा हिरवा डाग असला तर जाड साल काढून तो भाग कापून टाकता येतो. पण भरपूर हिरवा असेल, किंवा जिभेला कडू लागला, तर सगळाच टाकायचा.

मी विचारलं, आणि दोनदा उकळलं तर? ती म्हणाली, उकळून जात नाही. तळून? तळूनही नाही. मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. म्हटलं, सुरण कसा आमसुलाने सरळ होतो? तेव्हा ती म्हणाली, माझी आजीही सुरणाला आमसूल घालायची. मग म्हणाली, सुरणात बारीक टोकदार कण असतात, ते घशाला टोचतात, आंबटाने त्यांचं टोचणं कमी होतं. बटाट्यातलं टोचत नाही, ते पोटात आणि रक्तात जातं. आंबटाचं तिथे काही चालत नाही. आंबटाने फक्त चव झाकली जाते. आणि कडू चव हीच तर पहिली सूचना असते.

एवढं ऐकून मी थंड झाले. तिने पुढे हेही सांगितलं की बटाटा, वांगं, टोमॅटो, मिरची हे सगळे एकाच कुळातले, आणि महादेवाला वाहतो तो धोतराही त्यांचाच भाऊबंद. धोतऱ्याच्या वाटेला आमच्या डोंगरात कुणी जात नाही. आईने मला त्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. त्याच घरातला एक पोत्यात भरून मी दारात आणला होता आणि कांद्याच्या शेजारी बसवला होता. आता आमच्याकडे बटाटे गोणपाटाखाली अंधारात असतात, आणि लागतील तेवढेच. हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. शिकले ते शिकले. माझ्या सुरणाच्या भाजीला अजूनही महाडहून माणसं येतात, आणि ती कुणाला बाधत नाही, हेही मी कमरेवर हात ठेवूनच सांगते.

पण त्या दिवशीचं राहिलं. चार वाजायच्या सुमाराला जाऊ जागी झाली. ओठ सुकले होते, मी कापसाने ओले केले. मुलं जेवली का, हे तिने पहिलं विचारलं. मी म्हटलं, पिठलं-भात जेवली, गेली सगळी, बरी आहेत. तिने डोळे मिटून मान हलवली. मला वाटलं परत झोपली. मग माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तेही जरा फणकाऱ्यानेच, कारण मला प्रेमानेही सरळ बोलता येत नाही.

"कडू लागत व्हती तर येवढी खाल्लीस कशाला गो ताई?"

ती हळूहळू बोलली, आणि एवढं सलग बोलताना मी तिला बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तुला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून तू काय ऐकणार नव्हतीस. म्हटलं, पोरं खाली येईस्तवर येळ हाय. हिरवेगार बघून उचलले, सालासकट. काय व्हायचं ते आधी मला होऊ दे, म्हंजे तुला दिसल."

पडवीत ताट घेऊन बसलेली ती माझ्या डोळ्यांपुढे आली. वेचून वेचून काढत होती, आणि मी पलीकडे पुऱ्या लाटत खूश होते. ती माझी माफी मागत नव्हती. तिच्याकडे मला थांबवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने स्वतःचं पोट पुढे केलं होतं. माझ्यापुढे बोलून उपयोग नाही हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं, की विष खाणं तिला त्याहून सोपं वाटलं.

मी रडले. मी सहसा रडत नाही, ओरडते. पण त्या दिवशी दवाखान्याच्या त्या लोखंडी खाटेच्या कडेला डोकं टेकून मोठ्याने रडले. नर्स धावत आली, तिला वाटलं पेशंटचं काही झालं. जावेने सलाईन नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि नर्सला जा म्हणून खूण केली.

थोड्या वेळाने मी तोंड पुसलं. म्हटलं, "ताई, पुढच्या येळी एकदाच सांग. मी ऐकीन."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नाही. बाजारात भाजी घेताना ती जशी हातात घेऊन बघते, तशी.

"बघू," ती म्हणाली.